सरकीचे कान आणि अमीरबी

गेवराईच्या बाजारातून बायपासकडं निघालं की उजव्या हाताला गाद्यांचं एक दुकान लागतं. पत्र्याचं शेड, आत कापूस पिंजायची मशीन आणि भिंतीशी उभ्या केलेल्या गुंडाळलेल्या गाद्या. दुकान अजीजभाईंचं. मशीन ते चालवतात. पण गादी भरायची, काठीनं कापूस सारखा करायचा आणि टाके घालायचे हे काम अमीरबीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. दुकानाच्या मागंच त्यांचं घर. लेक आफ्रीन लग्न होऊन जालन्याला गेली, तेव्हापासून घरात दोघंच.

मी रस्त्याच्या पलीकडं राहते. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या अमीरबीच्या हातच्या. उंच, हडकुळी बाई. पन्नाशी कधीच ओलांडलेली. बोलायला रोखठोक. एखाद्यानं "जरा कापूस कमी टाका, स्वस्तात बसवा" म्हटलं की ती दाभण खाली ठेवून त्याच्याकडं बघते. "दोन वर्सात त्याची पोळी व्हईल. मग कंबर तुमची दुखंल अन् नाव माजं निगंल. दुसरीकडं बगा."

अशी ही बाई एका गोष्टीला मात्र भ्यायची. कुत्र्याला. तिचं माहेर केज तालुक्यातलं युसूफ वडगाव. तिथं लहानपणी बाजाराच्या दिवशी एका कुत्र्यानं तिची पोटरी फोडली होती आणि नंतर पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तो व्रण अजून आहे. गल्लीत कुत्रं आडवं पडलेलं दिसलं तर ती पिशवी छातीशी धरून दुसऱ्या गल्लीनं यायची. याचं कुणाला हसू आलं तर म्हणायची, "हसा. दात माज्या पायात घुसले होते, तुमच्या न्हाई."

तीन-चार वर्षांपूर्वी आषाढात राधाकिशनराव त्यांच्याकडं जुन्या गाद्या घेऊन आले. राधाकिशनराव म्हणजे गोदाकाठचे मोठे बागायतदार, ऊसवाले. सोसायटीच्या राजकारणातही असतात. पोरीच्या लग्नासाठी सगळ्या गाद्या उसवून नव्यानं भरायच्या होत्या. टेम्पोतून गाद्या उतरल्या, आणि त्यांच्यामागून एक कुत्री उतरली. तपकिरी रंगाची, आखूड पायांची. कान इतके लांब की खाली वाकली की जमिनीला टेकावेत. राधाकिशनरावांच्या मुलानं ती पुण्याहून हौसेनं आणली होती. मग मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि कुत्री मळ्यात राहिली.

कुत्री थेट शेडमध्ये शिरली, पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर चढली, स्वतःभोवती गोल फिरली आणि झोपली.

अमीरबी भिंतीला चिकटली. "आवो, हिला काडा! काडा आदी हिला!"

राधाकिशनरावांनी हाका मारल्या, "रोझी! ए रोझी, चल!" कुत्रीनं एक डोळा उघडला आणि मिटला. उचलायला गेले तर अंग सैल टाकून कापसात अजून खोल रुतली. अजीजभाई हसायला लागले. "राहू द्या पाटील. गाद्या न्यायला याल तवा घिऊन जा. मळ्यात तरी कोन बगायलंय तिला?"

गाद्या न्यायला राधाकिशनराव आलेच नाहीत, गडी आला. आणि गड्याला कुणी कुत्रीचं सांगितलं नव्हतं. अशी ती राहिली. अंगभर कापूस चिकटलेला आणि मधूनच कापसातल्या बीसारखे तपकिरी ठिपके दिसायचे, म्हणून अजीजभाईंनी तिचं नाव ठेवलं सरकी. अमीरबीनं मात्र पहिल्याच दिवशी अट घातली. कुत्री शेडमध्ये राहील, घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. अमीरबी नमाज पढते त्या जागेच्या आसपास तर मुळीच नाही. आणि तिला भाकरी अजीजभाईंनी टाकायची, अमीरबी टाकणार नाही.

सरकीला पाण्याचं वेड होतं. अजीजभाई सकाळी कालव्याच्या बाजूला फिरायला जायचे, तेव्हा ती सोबत जायची, पाण्यात उतरायची, मग काठच्या गवतातून लोळत यायची. भाद्रपद सरत आला आणि ती मान झटकायला लागली. झटकली की लांब कान फटाफट दोन्ही गालांवर आपटायचे; आवाज आमच्या ओसरीपर्यंत यायचा. मग मागच्या पायानं डावा कान खाजवायची आणि खाजवता खाजवता कण्हायची. हळूहळू वास सुटला. आंबलेल्या पिठासारखा, पण त्याहून घाण.

"गिऱ्हाईक नाकाला पदर लावायलंय," अमीरबी नवऱ्याला म्हणाली. "काय तरी करा हिचं."

अजीजभाईंनी केलं. आफ्रीनचा कान लहानपणी दुखायचा तेव्हा घरात जे करायचे तेच. तिळाचं तेल कढवलं, त्यात लसूण टाकला, कोमट झाल्यावर सरकीच्या कानात सोडलं. सरकी किंचाळून मशीनखाली घुसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. दोन दिवसांनी बघतात तर तिच्या डाव्या कानाची पाळी तळलेल्या करंजीसारखी टम्म फुगली होती.

त्या सकाळी अजीजभाई माजलगावला एका लॉजच्या गाद्या पोचवायला गेले होते. सरकी शेडच्या दारात बसली होती, मान वाकडी करून. दुखरा कान खाली, चांगला वर. अमीरबी टाके घालत होती आणि तिच्याकडं न बघायचा प्रयत्न करत होती. सरकी उठली, हळू चालत आली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली. भुंकली नाही, काही मागितलं नाही. नुसती तोंडाकडं बघत राहिली.

अमीरबी मला हाक मारायला दारात आली. "बाई, तुमी येता का माज्यासंगं? जनावराच्या दवाखान्यात?"

माझ्याकडं पाहुणे होते, मला निघता येत नव्हतं. मी पप्पूला फोन केला. पप्पू आमच्याच गल्लीतला रिक्षावाला. पुढचं सगळं मला त्यानंच सांगितलं, आणि नंतर अमीरबीनं ते दुरुस्त करून सांगितलं.

पप्पूनं सरकीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. अमीरबी पुढं त्याच्या शेजारी बसायला निघाली. "चाची, असं कसं?" पप्पू म्हणाला. "खड्ड्यात रिक्षा उडाली की ती खाली पडंल. मागं बसा, पट्टा धरा."

"माजा हात थरथरायलाय."

"तिचं तर सगळं अंगच थरथरायलंय. बगा की."

अमीरबी मागं बसली. सीटच्या पार टोकाला, ओढणी घट्ट आवळून, पट्ट्याचं शेवटचं टोक दोन बोटांत धरून. बाजारपेठ संपेपर्यंत दोघी दोन टोकांना होत्या. मग शाळेपुढच्या गतिरोधकावर रिक्षा आदळली, सरकी घसरत आली आणि तिनं दुखऱ्या कानासकट डोकं अमीरबीच्या मांडीवर टाकलं. पप्पूनं आरशात बघितलं. त्याला वाटलं, आता ओरडणार. अमीरबी ओरडली नाही. पोटरी आखडून, श्वास धरून बसली. थोड्या वेळानं तिनं एक हात सरकीच्या पाठीवर ठेवला. "लई गरम हाय रे ही," ती म्हणाली. "ताप हाय वाटतं. हळू चालीव."

दवाखान्यात डॉक्टर ऋतुजा होत्या. नव्यानंच बदलून आलेल्या, बीडच्याच. म्हशी-बैलांची गर्दी उरकून त्यांनी सरकीला टेबलावर घेतलं, थोडी गुंगीची सुई दिली आणि दिव्याच्या नळीतून कानात बघितलं. मग लांब चिमट्यानं काहीतरी बाहेर काढून अमीरबीपुढं धरलं.

"हे बघा, मावशी. कुसळ."

गवताचं साधं कुसळ. आमच्या लुगड्या-पायजम्यांना चिकटतं ते. टोकाला काटा असतो, म्हणून ते आत जातं, बाहेर येत नाही.

"एवढ्याशानं असं झालं?"

"नुसत्या त्यानं नाही. हिचे कान लोंबते आहेत ना, आत वारा जात नाही. ही पाण्यात पोहते, कान ओले राहतात, ओल्यात बुरशी वाढते. तो वास बुरशीचा. खाज सुटली म्हणून मान झटकली, झटकून झटकून पाळीतली बारीक रक्तवाहिनी फुटली. ही जी सूज आहे, त्यात रक्त साचलंय." डॉक्टरांनी कापसाचा बोळा कानाशी फिरवला आणि नाकाशी धरला. "तेल टाकलं होतं का कुणी?"

अमीरबीनं खाली बघितलं. "आमच्या ह्यांनी. लसनाचं."

"आता नका टाकू. आतला पडदा शाबूत आहे, नशीब. तो फाटलेला असता आणि वरून तेल गेलं असतं, तर जन्माचं बहिरेपण आलं असतं."

त्यांनी पाळीतलं रक्त काढलं, टाके घातले, आणि कान डोक्यावर उलटा ठेवून पट्टी बांधली. टाके घालताना अमीरबी टेबलाजवळ सरकली. पप्पू बाहेर पळाला होता. टाके कसे पडतात हे बघायचा तिला मोह आवरेना. "जवळ जवळ घालायल्यात तुमी," ती म्हणाली. डॉक्टर हसल्या. "पोकळी राहिली तर पुन्हा रक्त भरतं, मावशी." अमीरबीनं मान हलवली. गादीतही पोकळी राहिली की कापूस सरकतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग घरी काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं. रोज पट्टी सोडून धुवायचं औषध कानात भरपूर सोडायचं, कानाच्या बुडाशी बोटांनी चोळायचं, आत चुळुकचुळुक आवाज आला पाहिजे. मग सोडून द्यायचं. ती मान झटकेल, आतली घाण वर येईल. वर आलेली तेवढीच पुसायची. काडीला कापूस लावून आत घालायचा नाही, घाण अजून खोल जाते. पुसून झालं की दुसऱ्या औषधाचे थेंब, आणि पुन्हा पट्टी.

"हे आल्यावर करतील," अमीरबी म्हणाली.

"हे म्हणजे?"

"मालक माजे."

"ज्यांनी तेल घातलं ते?" डॉक्टर ऋतुजांनी सरकीकडं बोट केलं. गुंगीतून अर्धवट जागी झालेली सरकी टेबलावरून मान लांबवून अमीरबीच्या कोपरात नाक खुपसत होती. "त्यांच्या हाताला ही आता थांबेल का? तुम्हीच करा, मावशी. ती तुमच्याजवळ आलीये."

निघताना डॉक्टरांनी चिठ्ठीत धुवायच्या औषधाबरोबर पट्टीचं कापड आणि पाकिटातला कापूसही लिहून दिला. अमीरबीला ते पटेना. "कापूस? आवो बाई, माज्या घरात कापसाचा डोंगर हाय!"

"त्यात धूळ असते, बियांचे कण असतात, त्याचे तंतू कानात राहतात. हा स्वच्छ केलेला असतो."

दुकानात परत आल्यावर ते पाकीट तिनं अजीजभाईंपुढं आपटलं. "बगा. पिंजाऱ्याच्या बायकोनं आज कापूस इकत आनला. सात पिढ्यांत कुनी आनला नसंल."

पहिला दिवस वाईट गेला. सरकीला तिनं कोपऱ्यात घेतलं, वरून वाकली आणि बाटली उघडली. थंड औषधाचा पहिला थेंब पडताच सरकी गुरगुरली आणि दात दाखवले. दाखवले फक्त. पण अमीरबीच्या हातातून बाटली पडली आणि ती घरात जाऊन दार लावून बसली. अजीजभाईंनी मग पकडून करायचं ठरवलं; सरकी मशीनखाली आणि अजीजभाई गुडघ्यांवर. शेवटी दोघंही दमून आपापल्या जागी बसून राहिले.

"मला न्हाई व्हायचं," आतून अमीरबी म्हणाली.

"कावून न्हाई व्हायचं? रिक्षात मांडीवर घेतलीस म्हनं."

"तवा तिला दात दाखवायचं ध्यान नव्हतं."

अजीजभाई दाराशी सरकले. मग म्हणाले, "तेलाचं माजं चुकलं, अमीर. ती मला भिती, ते बराबर हाय. तुला भीत न्हाई. तिला फकस्त ते थंड पानी नको वाटतंय."

दुपारी मी गेले तेव्हा अमीरबी शेडमध्ये खाली मांडी घालून बसली होती आणि बाटली मुठीत धरून होती. "ऊब द्यायलेय," ती म्हणाली. बाटली उघडायची नाही, नुसती सरकीला हुंगू द्यायची. हुंगली की भाकरीचा तुकडा. मग कानाला बोट लावायचं, भाकरी. मग कान उचलायचा, भाकरी. त्या दिवशी औषध घालायचं तिनं नावच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सरकीच्या समोर न बसता शेजारी बसली, तोंड एकाच दिशेला करून. दोघी बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसल्यासारख्या. बोलत राहिली. काय बोलत होती? आफ्रीनच्या सासूबद्दल. हळू आवाजात सगळ्या तक्रारी सांगत सांगत तिनं कोमट औषध कानात सोडलं आणि बुडाशी चोळायला लागली. आत चुळुकचुळुक वाजलं. सरकीनं डोळे मिटले, मान तिच्या हातावर टाकली आणि तो मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला.

"अगं बाई," अमीरबी म्हणाली. "हिला तर ग्वाड लागायलंय."

मग सरकीनं मान झटकली, आणि ते सगळं औषध, सगळी तपकिरी घाण अमीरबीच्या तोंडावर, ओढणीवर आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या साडीवर उडाली. मी ओरडले. अमीरबी हसत सुटली. इतकी हसली की अजीजभाई मशीन बंद करून बघायला आले.

तिनं आपल्यापुरता नियम करून घेतला. मागच्या बाजूला खुंटीवर एक जुना झगा टांगला. सरकीचे कान करताना तो घालायचा, झालं की काढायचा, हात-तोंड धुवायचं, मग वजू करून नमाजला बसायचं. तिची नणंद सहर एकदा आली आणि हे बघून तिनं नाक मुरडलं. "भाबी, कुत्र्याचे कान धुवायलीस तू? या वयात?"

"मग कंदी धुवू? म्हातारी झाल्यावर?"

"ते नापाक असतंय."

"म्हनूनच झगा येगळा हाय, पानी येगळं हाय अन् जागा येगळी हाय. दुखनं मातर तिलाबी आपल्यासारखंच व्हतंय." एवढं बोलून अमीरबीनं नणंदेसाठी चहा टाकला. सहर चहा पिऊन गेली. पुढच्या खेपेला तिनंच विचारलं, कान कसा आहे म्हणून.

मधे एक चूक झाली. आठवड्याभरात वास गेला, कान आतून गुलाबी दिसायला लागला. अमीरबीला वाटलं, बरी झाली, उगाच कशाला त्रास द्यायचा. तिनं थेंब बंद केले. थोड्याच दिवसांत तो आंबट वास परत. पट्टी दाखवायला गेली तेव्हा डॉक्टर ऋतुजांनी बघितल्याबरोबर ओळखलं. "मावशी, वरून बरं दिसतं. आत उरलेलं असतं. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही." अमीरबीनं ते मुकाट ऐकून घेतलं. तिला कुणी बोललेलं ती मुकाट ऐकते, हे अजीजभाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं आणि पुढं बरेच दिवस लोकांना सांगितलं.

दिवाळीपर्यंत सरकी खरोखर बरी झाली. डाव्या पाळीला एक चुणी राहिली, मुडपलेल्या पानासारखी, तेवढंच. कालव्यावर जाणं चालू राहिलं, पण आता घरी आल्यावर अमीरबी दारात फडकं घेऊन उभी असायची. आधी कान पुसायचे, मग पाठीवर उलटे टाकून थोडा वेळ वारा लागू द्यायचा, मग बोटांमधली, काखेतली कुसळं बघायची. अजीजभाईंना गवतातून न्यायची बंदी झाली. "वाटंनं जा, वाटंनं या."

आणि मग राधाकिशनराव आले. मुलगा सुट्टीला येणार होता, त्यानं फोनवर रोझीची चौकशी केली होती. त्यांनी सरकीकडं बघितलं. अंगावर तुकतुकी, डोळे चमकदार. "भाबी, तुमी तर हिचं सोनं केलं. आता घिऊन जातो. लई दिवस तरास दिला तुमाला."

अमीरबीच्या हातातला दोरा तसाच राहिला. अजीजभाईंनी मान फिरवली. मी त्या वेळी उशीचे अभ्रे द्यायला गेले होते. मला वाटलं, आता भांडण होणार.

"कुत्री तुमची हाय," अमीरबी म्हणाली. "न्या. पन कानाचं शिकून न्या. बसा खाली."

राधाकिशनराव, पांढरीशुभ्र विजार-सदरा घातलेला माणूस, ज्यांच्या पुढं अर्धा गाव उभा राहतो, ते कापसाच्या ढिगापाशी उकिडवे बसले. अमीरबी उभी राहून सांगत होती. "बाटली मुठीत धरा. ऊब द्या. वरून वाकू नका, बाजूला बसा. आता कान धरा. वडू नका! आसं. आता सोडा. भरपूर. घाबरू नका, पडद्याला काय व्हत न्हाई. चोळा. आवाज आला?"

"आला," राधाकिशनराव पोरासारखे म्हणाले.

"सोडा."

सरकीनं मान झटकली. सदऱ्यावर खालपासून वरपर्यंत नक्षी उमटली. राधाकिशनरावांनी छातीकडं बघितलं, अमीरबीकडं बघितलं आणि मोठ्यानं हसले. हसता हसता तिथंच फतकल मारून बसले. मग म्हणाले, "हे रोज करायचं?"

"आजारी असल्यावर रोज. न्हाई तर आठ दिवसाला बगायचं. पान्यात गेली की पुसायचं. वास आला की तेल न्हाई, बुवा न्हाई, डॉक्टर."

"मळ्यात कोन करंल हे, भाबी? म्या सभेला, गडी उसात. पोरगं चार दिस येतंय, फोटू काढतंय अन् जातंय." त्यांनी सरकीच्या पाठीवरून हात फिरवला. सरकी उठली, अंग झाडलं आणि जाऊन अमीरबीच्या पायाशी पडली. "राहू द्या हितंच. पोराला म्हनतो, भेटायचं तर गेवराईला जा."

अमीरबी खाली बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. ओवला जाईना. अजीजभाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि ओवून दिला.

राधाकिशनरावांचा मुलगा खरंच आला. सरकीबरोबर तासभर बसला, जाताना कानाच्या औषधाच्या बाटल्या ठेवून गेला. आता गल्लीतले लोक आपापली कुत्री अमीरबीकडं आणतात. ती कान उचलते, नाक जवळ नेते आणि सरळ सांगते, "मला यातलं एकाच कुत्रीचं कळतंय. दवाखान्यात जा." कुणी फारच गयावया केली तर पप्पूला फोन करून देते. भटकं कुत्रं दिसलं की अजूनही पिशवी छातीशी जाते; पण गल्ली बदलत नाही, थांबून त्याचा कान बघते, लांबूनच.

हल्ली सरकी जाड झाली आहे. डॉक्टर ऋतुजांनी वजन बघून भाकरी कमी करायला सांगितली, ती अमीरबीनं मोजून कमी केली. तरी वजन उतरेना. अमीरबीला संशय आला. परवा सकाळी मी ओसरीत केस विंचरत होते तर पलीकडून तिचा आवाज आला, "काय द्यायलात तिला?"

"काय न्हाई," अजीजभाई म्हणाले.

"मग तिच्या मिशीला बिस्कुट कसं हाय?"

मशीन एकदम मोठ्यानं सुरू झाली.